पहिली सुरी हाताने घडवताना: सगळी मेहनत पातळपणासाठी

तुमचा प्रश्न असा: मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, रबाळ्याला मेंटेनन्समध्ये नोकरी, राहायला घोडबंदर रोडला. वागळे इस्टेटमध्ये मित्राचा गाळा आहे, तिथे रविवारी काम करायला मिळतं. आईसाठी स्वयंपाकघरातली एक चांगली सुरी हाताने घडवायची आहे आणि जमलं तर पुढे ओळखीत ऑर्डरही घ्यायच्या आहेत. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून (लीफ स्प्रिंगमधून) दोन पाती करून पाहिलीत. पाणी पाजताना, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करताना, एक वाकलं, दुसरं धारेकडून तडकलं. आता भट्टी बांधून ऐरणीवर घडवावं की पट्टी कापून, पोलाद कोणतं घ्यावं, दमास्कसची नक्षी जमेल का, मूठ कशाची करावी आणि कायद्याचं काय, हे तुम्हाला हवं आहे.

मी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यांचे साचे आणि हत्यारं बनतात तिथे, डाय-फिटर होतो, आता सुऱ्याच बनवतो. माझ्या मते या कामातली अवघड गोष्ट एकच: पातं पातळ करणं आणि पातळ असूनही ते सरळ आणि कडक ठेवणं. घण मारणं, मूठ घासणं, पॉलिश करणं सरावाने येतं. पण बहुतेक नवशिक्यांची सुरी जाड राहते. दिसायला देखणी असते, कांद्यात घातली की कांदा चिरण्याऐवजी फाकतो. स्वयंपाकघरातल्या सुरीचं काम धारेच्या टोकापेक्षा धारेमागच्या जाडीवर जास्त अवलंबून असतं. धार बोथट झाली तर दगडावर पाच मिनिटांत परत येते. धारेमागे पाऊण मिलिमीटर जाडी राहिली असेल, तर कितीही धार लावा, गाजर कापताना टकटक आवाज करत तुटणारच. पुढे जे सांगणार आहे ते सगळं याच हिशोबाने वाचा.

आधी तुमच्या दोन पात्यांविषयी. जुना कमानपाटा हे अनेकांचं पहिलं पोलाद असतं, कारण शिळफाट्याकडच्या भंगाराच्या गोदामांत ते वजनावर मिळतं. पाटे बहुधा ईएन४५ किंवा एसयूपी९ जातीचे असतात. पोलाद वाईट नाही, कोयत्याला आणि कुऱ्हाडीला उत्तम. पण त्यात कार्बन ०.५ ते ०.६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पातळ सुरीच्या धारेला थोडा कमीच. शिवाय तो पाटा लाखो हेलकावे खाऊन आलेला असतो. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असू शकतात, त्या पाणी पाजताना उघडतात. तुमचं पातं धारेकडून तडकलं त्याचं हे एक कारण असू शकतं. दुसरं कारण जास्त संभवतं: तुम्ही खरोखरच पाणी वापरलंत. आपल्याकडे म्हणतात पाणी पाजणं, पण स्प्रिंगच्या पोलादाला तेल लागतं. पाण्याने पातं इतक्या झपाट्याने थंड होतं की पृष्ठभाग कडक होऊन आकसलेला असतो, आतला गाभा अजून बदलत असतो, आणि त्या ओढाताणीत धार फाटते. बारीक ‘टिंग’ असा आवाज येतो. तो आला की त्या पात्यावर पुढे वेळ घालवू नका.

तर पोलाद. ठाण्यात राहून सुरी बनवणाऱ्याचं एक भाग्य आहे, ते म्हणजे टूलरूम. वागळे इस्टेट, रबाळे, महापे या पट्ट्यात डाय आणि मोल्ड बनवणारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे टूल स्टीलची पट्टी, सरफेस ग्राइंडिंग, वायरकट (तारेच्या विद्युत ठिणग्यांनी कापणं) आणि हीट ट्रीटमेंट हे सगळं जॉबवर्कवर मिळतं. टूलरूममध्ये ज्याला ओएचएनएस म्हणतात, तेच बाहेरच्या जगात ओ१ या नावाने सुऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. कार्बन साधारण ०.९ टक्के, सोबत मँगनीज, थोडं क्रोमियम आणि टंगस्टन. नावातच आहे, ऑइल हार्डनिंग नॉन-श्रिंकिंग, म्हणजे तेलात कडक होणारं आणि फारसं न आकसणारं. कडक होताना साध्या कार्बन पोलादाइतकी घाई त्याला लागत नाही, म्हणून नवशिक्याला वेळ मिळतो. मात्र त्यातली मूलद्रव्यं नीट विरघळायला ते ठरलेल्या तापमानावर काही मिनिटं स्थिर धरावं लागतं, म्हणजे तापमान दाखवणारी भट्टी हवी.

अशी भट्टी नसेल तर सी८० किंवा ईएन४२जे ही साधी कार्बन पट्टी घ्या, कार्बन पाऊण टक्क्याच्या आसपास. डोळा आणि लोहचुंबक एवढ्यावर हे पोलाद सांभाळता येतं. मुंबईत कुंभारवाड्याच्या बाजूला आणि आपल्याकडे कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये चौकशी करा. विकताना नाव, जाडी आणि पट्टी मऊ म्हणजे अ‍ॅनिल केलेली आहे का, हे विचारून घ्या. बेअरिंगचं ईएन३१ मोहात पाडतं, कारण १ टक्का कार्बन आणि दीड टक्क्याच्या आतबाहेर क्रोमियम असल्याने धार फार छान धरतं. पण ते तापमानाच्या बाबतीत हट्टी आहे, चौथी-पाचवी सुरी झाल्यावर त्याच्याकडे वळा. एचसीएचसीआर म्हणजे डी२ मात्र घरच्या भट्टीत करूच नका. ते १००० अंशांच्या वर तापवावं लागतं आणि उघड्या हवेत तापवलं तर पृष्ठभागावरचा कार्बन जळतो. ते करायचंच असेल तर व्हॅक्युम भट्टीवाल्याकडे द्या.

गाळ्यांत फिरताना कोणीतरी तुम्हाला पॉवर हॅकसॉचं जुनं पान देईल आणि म्हणेल, यातून कर. हाय स्पीड स्टीलचं पान असेल तर तो खरंच एक मार्ग आहे. ते आधीच कडक केलेलं असतं आणि ५०० अंशांपर्यंत त्याचा कडकपणा जात नाही, त्यामुळे नुसतं घासून आकार दिला की सुरी तयार. पण ते ठिसूळ असतं, फरशीवर पडलं तर टोक उडतं, भोक पाडायला कार्बाइडचं ड्रिल लागतं. आणि काही पानांत फक्त दात हाय स्पीडचे असतात, बाकी अंग साधं. ग्राइंडरवर ठिणगी पाहा. साध्या कार्बन पोलादाची ठिणगी पिवळी-पांढरी, टोकाला फुलबाजीसारखी फुटणारी. हाय स्पीडची तोकडी, मंद लालसर. पाठीच्या बाजूला आणि दाताच्या बाजूला वेगळी ठिणगी आली तर ते पान परत द्या.

ऐरणीवर घडवायचं की पट्टी कापून, याचं माझं उत्तर स्पष्ट आहे: पहिल्या काही सुऱ्या पट्टी कापून करा. ठोकून घडवल्याने पोलाद सुधारतं हा समज अजून आहे. आजच्या कारखान्यातली रोलिंग केलेली पट्टी आधीच एकजिनसी असते. ठोकताना तुम्ही ती चुकीच्या तापमानावर नेलीत तर कण मोठे होतात आणि सुधारण्याऐवजी बिघडते. लोहारकाम शिकण्यासारखं आहे, मी त्याचा आदर करतो आणि निमुळतं, एका पट्टीतून वाया न घालवता काढलेलं पातं ऐरणीवरच शोभतं. पण ती स्वतंत्र विद्या आहे. सुरीची भूमिती, पाणी, टेंपर (कडक पातं पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा कमी करणं) आणि धार या चार गोष्टी हातात नसताना पाचवी अंगावर घेऊ नका. शिवाय दगडी कोळशाची भट्टी गाळ्यात पेटवलीत तर धुराने शेजारच्यांशी पहिल्याच दिवशी वाजेल. गॅसची भट्टी करणार असाल तर घरगुती सिलिंडर लावू नका, तो कायद्याने फक्त घरासाठी आहे. १९ किलोचा व्यावसायिक घ्या. आणि जुना सिलिंडर कापून भट्टीचं कवच करायचे व्हिडिओ पाहून ग्राइंडर उचलू नका. रिकामा वाटणारा सिलिंडर रिकामा नसतो. भट्टीच्या आतल्या सिरॅमिक लोकरीवर रिफ्रॅक्टरीचा म्हणजे उष्णता सोसणारा लेप द्यायलाच हवा, उघडी लोकर श्वासातून फुप्फुसात जाते.

दमास्कसच्या नक्षीबद्दल थोडक्यात. आज त्या नावाने जे मिळतं ते दोन पोलादांचे थर एकत्र वेल्ड करून, दुमडून, फेरिक क्लोराइडने उठवलेलं असतं. निकेल असलेला थर चकाकतो, दुसरा काळवंडतो. आपल्या दक्षिण भारतातलं मुशीत वितळवलेलं वुट्झ पोलाद ही अगदी वेगळी गोष्ट. त्याची नक्षी थरांची नव्हती, पोलाद गोठताना आणि घडवताना आतल्या कार्बाइडच्या (कार्बनच्या कडक संयुगांच्या) रांगा लागून ती उमटायची. जॉन व्हर्होव्हेन आणि आल्फ्रेड पेन्ड्रे यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं की त्या रांगा लागण्यामागे व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्याचा अगदी सूक्ष्म अंश होता. विषय मोठा आहे आणि मला फार जवळचा आहे, पण आईच्या सुरीसाठी त्याची गरज नाही. नक्षीने सुरी कापत नाही.

आता आकार. आईसाठी करताय, म्हणून आधी आईला भाजी चिरताना नीट पाहा. ऑर्डरची सुरी आणि दुकानातली सुरी यांत फरक पडतो तो इथे. आपल्याकडे पन्नाशी-साठीच्या पुढच्या अनेक बायकांचा हात विळीवर बसलेला आहे. विळीला पातं स्थिर असतं आणि भाजी पुढे ढकलली जाते. ती सवय असलेला हात सुरी पुढे-मागे फिरवत नाही, सरळ खाली दाबतो किंवा हातात धरून अंगठ्याकडे ओढतो. अशा हाताला पोटाला फार गोलाई असलेली परदेशी शेफ नाइफ गैरसोयीची वाटते. त्या हाताला जवळजवळ सरळ धारेची, १५० ते १६५ मिलिमीटर लांबीची, टाचेपाशी (धारेच्या मुठीकडच्या टोकापाशी) ४० मिलिमीटर उंचीची, हलकी सुरी रुचते. बोटं ओट्यावर आपटू नयेत एवढी टाचेखाली जागा हवी. तळहाताची रुंदी मोजा, मूठ त्याहून थोडी लांब ठेवा. ओट्याची उंची बघा. आणि काय कापलं जातं ते विचारा. कोथिंबीर, कांदा, गवार, भेंडी असेल तर पातळ सुरी स्वर्ग आहे. लाल भोपळा, सुरण किंवा फणस असेल तर तीच सुरी आत अडकते, मनगट वळतं आणि धारेचा तुकडा उडतो. चेंदणी कोळीवाड्यातल्या मासे कापणाऱ्या बाईंना सुरमईचा काटा तोडायचा असतो, त्यांना जाड पाठीचं आणि किंचित मऊ टेंपरचं पातं लागतं. एकच सुरी सगळं करेल असं कोणालाही कबूल करू नका. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं हाही ऑर्डरच्या कामाचा भाग आहे.

आकार पुठ्ठ्यावर कापा, आईच्या हातात द्या, दोन दिवस तिच्या ओट्यावर राहू द्या. मग पट्टीवर आखा. जाडी अडीच मिलिमीटर पुरे; बाजारात तीनची मिळाली तर सरफेस ग्राइंडरवर उतरवून घ्या. बाह्यआकार हॅकसॉ आणि कानशीने निघतो. लेझरने कापून आणलात तरी चालेल, पण लेझरची कड जळून कडक झालेली असते, ती अर्धा मिलिमीटर घासून टाका, नाहीतर कानस आणि ड्रिल दोन्ही गमवाल. मुठीची भोकं आणि टाचेपासची गोलाई याच टप्प्यावर. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: आतला कोपरा कुठेही काटकोनी ठेवायचा नाही. जिथे तीक्ष्ण कोपरा, तिथून चीर.

मग उतार काढणं, आणि इथे रविवारचे रविवार जातील. गणित करून पाहा. अडीच मिलिमीटर जाड आणि ४० मिलिमीटर उंच पातं पाठीपासून धारेपर्यंत सपाट उतरवायचं, तर एका बाजूचा कोन जेमतेम पावणेदोन अंश येतो. अर्ध्या अंशाची चूक म्हणजे धार एका बाजूला सरकली किंवा मधे पोट राहिलं. म्हणून पहिल्यांदा बेल्ट ग्राइंडरपेक्षा कानस आणि जिग बरी. कानशीला दांडा जोडा, तो एका उंची बदलता येणाऱ्या कडीतून जाऊ द्या, पातं लाकडावर क्लॅम्प करा. कोन ठरला की हात चुकत नाही. धारेच्या मध्यावर व्हर्नियर हाइट गेजने (उंची मोजून रेघ मारायच्या साधनाने) दोन समांतर रेषा मारा, त्यांच्यामधे ०.६ ते ०.८ मिलिमीटर अंतर. पाणी पाजण्याआधी त्याहून पातळ करू नका. पातळ धार तेलात लाटेसारखी वळते, किंवा तापताना तिचा कार्बन जळून जातो. शेवटचे घासकाम पात्याच्या लांबीच्या दिशेने करा. धारेला आडवे खोल ओरखडे राहिले तर प्रत्येक ओरखडा चिरेची सुरुवात होऊ शकतो.

बेल्ट ग्राइंडर घ्यायचा झाला तर जगभर २ इंच रुंद आणि ७२ इंच लांब पट्ट्याचा घेतात, दीड-दोन हॉर्सपॉवर मोटर आणि वेग बदलायला व्हीएफडी. तुम्ही मेंटेनन्सवाले, हे स्वतः जोडाल. पट्टे सिरॅमिकचे घ्या, ३६ किंवा ६० नंबरने सुरुवात. स्वस्त पट्टा लवकर बोथट होतो, मग तो कापत नाही, नुसता तापवतो. हातमोजे घालून ग्राइंडरवर काम करू नका, विशेषतः कापडी. बोटांना पात्याची ऊब कळली पाहिजे, आणि कापड पट्ट्यात ओढलं गेलं तर हातही जातो. मास्क मात्र चांगला, फिल्टरचा. तोंडाला रुमाल बांधून पोलादाची धूळ थांबत नाही. आणि सुरी बनवणाऱ्यांच्या कामात सगळ्यात धोकादायक मशिन कोणतं विचाराल तर ते बफिंग व्हील. मऊ कापडाचं चाक निरुपद्रवी वाटतं, पण धार किंवा टोक त्यात अडकलं की पातं थेट तुमच्या मांड्यांकडे फेकलं जातं. मी सुऱ्यांना बफ लावत नाही. हाताने पॉलिश पेपर, लांबीच्या दिशेने, ४०० नंबरपर्यंत. तेवढं स्वयंपाकघराला पुरतं.

पाणी पाजण्याचा टप्पा. भट्टीसाठी माझा सल्ला: छोटी इलेक्ट्रिक मफल भट्टी, म्हणजे बंद पेटीसारखी भट्टी, बांधा. इन्सुलेशन विटा, कँथल वायर, तापमान मोजायला के टाइप थर्मोकपल, ते स्थिर ठेवायला पीआयडी कंट्रोलर आणि रिले. सामान लोहार चाळीत आणि नागदेवी स्ट्रीटला मिळतं. मित्राच्या गाळ्याला मंजूर लोड किती आहे ते महावितरणच्या बिलावर पाहून मगच वायर मोजा. उघड्या कॉइलला पात्याचा किंवा सांडशीचा स्पर्श झाला तर शॉक बसेल, म्हणून दार उघडताच सप्लाय तुटेल असा स्विच लावायलाच हवा.

मऊ पट्टी विकत घेऊन, न ठोकता आकार दिला असेल तर नॉर्मलाइझिंगची (तापवून हवेत गार करून कण सारखे करण्याची) गरज नाही. पण उतार काढताना आत ताण साठतात. म्हणून कडक करण्याआधी ६५० अंशांवर तासभर ठेवून भट्टीतच सावकाश थंड होऊ द्या. हा एक टप्पा वगळल्यामुळे जितकी पाती वाकतात तितकी दुसऱ्या कशानेच वाकत नसावीत. मग ओएचएनएस असेल तर ८०० ते ८१५ अंश, तिथे दहा मिनिटं. पातं भट्टीत आडवं झोपवू नका, ते स्वतःच्या वजनाने वळतं. पाठीवर उभं राहील असा आधार करा. साधं कार्बन पोलाद आणि गॅसची भट्टी असेल तर चुंबक जवळ ठेवा. ७७० अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला चिकटणं सोडतं. तेवढ्यावर थांबू नका, त्यापुढे रंग आणखी एक छटा उजळ होऊ द्या. हे काम भर उन्हात करू नका, गाळ्याचे दिवे मालवून करा, म्हणजे रंगाची फसगत होत नाही.

तेल आधी ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करा. गार तेल घट्ट असतं, पात्याभोवती वाफेचं वेष्टन टिकवून धरतं आणि पातं हळू थंड होतं. कोमट तेल पातळ होऊन लवकर भिडतं. क्वेंच ऑइल मिळालं तर उत्तम, नाहीतर शेंगदाण्याचं तेल चालतं. गाडीतून काढलेलं जुनं इंजिन ऑइल वापरू नका, त्याचा धूर विषारी असतो. उभा, झाकण असलेला लोखंडी डबा, त्यात चार-पाच लिटर तरी तेल. पातं टोकाकडून सरळ खाली, पूर्ण बुडेपर्यंत, एका दमात. अर्धं बाहेर राहिलं की तेल पेट घेतं. आत गेल्यावर धार-पाठ या दिशेने हलवा, बाजूला नाही. बाजूला हलवलंत तर एक गाल आधी गार होतो आणि पातं त्या ताणाने वळतं. तुमचं पहिलं पातं असंच वाकलं असावं, किंवा दोन बाजूंचा उतार असमान असेल. शेजारी झाकण आणि ड्राय पावडरचा अग्निशामक. पेटत्या तेलावर पाणी कधीही नाही.

तेलातून साताठ सेकंदांनी बाहेर काढलं की पातं अजून २०० अंशांच्या वर असतं आणि काही क्षण मऊ असतं, कारण कडक होण्याची क्रिया त्या सुमाराला नुकतीच सुरू झालेली असते. एवढ्यात डोळ्यासमोर धरून पाठीची रेषा पाहा. वाकडं दिसलं तर जाड हातमोजे घालून सरळ करा, किंवा दोन जाड सपाट अ‍ॅल्युमिनियम पट्ट्यांमधे दाबून गार होऊ द्या. हाताला सोसेल इतकं गार झालं की ही संधी संपली, त्यापुढे जोर लावाल तर काचेसारखं मोडेल. मग जुनी कानस धारेवर फिरवा. कानस चावली नाही, घसरली, तर पातं कडक झालं. वरचा काळा थर मऊ असू शकतो, तेव्हा तो थोडा घासून मगच निकाल द्या.

लगेच टेंपर. रात्रभर तसंच ठेवू नका, न टेंपर केलेलं पातं शेल्फवर पडल्या पडल्याही तडकतं. २०० अंशांवर दोन तास, गार करा, पुन्हा दोन तास. ओएचएनएसला याने साधारण ६० एचआरसी (रॉकवेल मापावरचा कडकपणा) मिळतो. बाजारातल्या पुष्कळ स्वस्त स्टेनलेस सुऱ्या ५४ ते ५६ च्या घरात असतात, तेव्हा फरक हाताला कळेल. ओटीजी (घरचा छोटा ओव्हन) वापरत असाल तर त्याच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत थर्मोकपल लावा आणि पातं वाळूच्या ट्रेमध्ये खुपसा. थोडा बाक राहिला असेल तर तो याच वेळी निघतो. पातं एका जाड सरळ पट्टीवर क्लॅम्प करा, बाकाच्या ठिकाणी खाली नाणं ठेवून उलट दिशेला थोडं जास्त वाकवा आणि तसंच टेंपर करा. सावकाश, दोन-तीन फेऱ्यांत. हातोडीने ठोकून नाही.

हे सगळं स्वतः करायचं नसेल तर रबाळे-महाप्यातल्या हीट ट्रीटमेंटवाल्यांकडे द्या, त्यात कमीपणा काही नाही. चलानवर पोलादाचं नाव आणि ‘५९ ते ६१ एचआरसी’ असं स्पष्ट लिहा, उभं टांगायला सांगा आणि कडकपणा मोजून मागा. ते लोक डायचे जाड ठोकळे करत असतात. पातळ पातं वेगळं सांगितल्याशिवाय त्यांच्या ध्यानात येणार नाही.

कडक झाल्यावर खरं पातळ करणं सुरू होतं. ०.७ वरून ०.२ ते ०.३ मिलिमीटरवर यायचं आहे. ताजा पट्टा, कमी वेग, दर एका पासनंतर पाण्यात बुडवणं. धारेवर पेंढ्यासारखा पिवळा किंवा निळा रंग उमटला, तर तिथला टेंपर गेला, तेवढा भाग घासून टाकावा लागेल. पातळ कडेचा रंग उडायला क्षणही पुरतो. शेवटचा दशांश मिलिमीटर मी मशिनवर घेतच नाही, दगडावर घेतो. मग दोन्ही बाजूंनी १५ अंशांची धार, १००० नंबरचा पाण्याचा दगड, नंतर ३०००, शेवटी चामड्यावर हिरवी क्रोमियम ऑक्साइड पेस्ट. जाडी बरोबर असेल तर धारेची चकचकीत रेघ अर्ध्या मिलिमीटरहून रुंद दिसणार नाही. ती रुंद दिसली तर समजा पातं अजून जाड आहे, परत मागे जा.

मूठ लावण्याआधी धारेची परीक्षा घ्या. ६ मिलिमीटरची पितळी सळई आडवी धरा, धार तिच्यावर दाबून हलकेच ओढा. दिव्यासमोर धार किंचित वाकून परत सरळ होताना दिसली पाहिजे. तुकडा उडाला तर पातं ठिसूळ आहे, दहा-पंधरा अंश वाढवून परत टेंपर करा. वाकून तशीच राहिली तर मऊ आहे, पुन्हा कडक करावं लागेल. मूठ चिकटवल्यावर यातलं काहीच करता येत नाही.

मुठीसाठी शिसवी सुंदर दिसतो, बाभूळही चिवट आहे. पण आपल्या खाडीकाठच्या हवेचा विचार करा. जुलैत लाकूड ओल पिऊन फुगलेलं असतं. तेव्हा बसवून पोलादाशी समतल घासलेली मूठ मार्चमध्ये आकसते आणि पोलादाची कड बोटाला लागायला लागते. लाकडी मुठी मी उन्हाळ्यातच बसवतो, तेही लाकूड वर्षभर गाळ्यात मुरल्यावर. पावसाळ्यात करायची तर हायलम वापरा. इलेक्ट्रिकल पॅनलसाठी जे कापडी थरांचं फिनॉलिक शीट मिळतं ना, तेच परदेशात मायकार्टा म्हणून सुऱ्यांना महागात विकलं जातं. पाण्याला दाद देत नाही, ओल्या हातात पकड सोडत नाही, आणि ठाण्यात पॅनलवाल्यांकडे त्याचे तुकडे उरलेले असतात. कापताना मास्क हवाच, शिसवीच्या धुळीनेही काहींच्या अंगावर पुरळ उठतं. पोलाद आणि हायलम दोन्ही ८० नंबर पेपरने खरडा, अ‍ॅसिटोनने पुसा, सावकाश सुकणारं चोवीस तासांचं एपॉक्सी लावा. क्लॅम्प आवळून सगळा गोंद बाहेर काढू नका. ५ मिलिमीटर पितळी सळईच्या दोन पिना पुरतात.

देताना सांगायची गोष्ट अशी की ही सुरी गंजते. कैरी, लिंबू, चिंच, कोकम यांनी ती काळी पडेल, कांद्यावर सुरुवातीला करडा डाग येईल. महिन्याभरात निळसर-राखाडी थर बसतो आणि मग ती शांत होते. तो थर घासून काढू नये. वापरून झाली की धुवून लगेच कोरडी करायची, सिंकमध्ये सोडायची नाही. पावसाळ्यात केमिस्टकडे मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा हात फिरवायचा. ज्यांच्या घरी हे होणार नाही त्यांना स्टेनलेसच द्या.

कायदा. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची धारदार शस्त्रं परवान्याच्या वर्गात येतात, मात्र घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. स्वयंपाकाची सुरी त्यामुळे अडचणीत येत नाही. खंजीर, दुधारी पाती, तलवारी यांच्या ऑर्डरी येतील, पैसेही बरे सांगतील. त्या घेऊ नका. शिवाय ठाणे आणि नवी मुंबई पोलीस वेळोवेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली हत्यारं बाळगून फिरण्यावर मनाई आदेश काढतात. म्हणून लोकलने सुरी पोहोचवायला निघालात तर ती पुठ्ठ्याच्या म्यानात, खोक्यात सीलबंद आणि बिलासकट असू द्या. बिलावर ‘स्वयंपाकघरातील सुरी’, पात्याची लांबी आणि गिऱ्हाइकाचं नाव लिहा, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.